उभी बाई

पूस महिना लागला होता. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यावरून धुकं असं उठत होतं, जसं कोणी पाण्याच्या बुडाशी चूल मांडून तिच्यात ओली लाकडं घातली असावीत. बांधाच्या पाळीवरचे पळस अर्धेच दिसत होते. बुंधे गेलेले, शेंडे तेवढे वर. पळसटोल्याच्या घराघरांतला धूर त्या धुक्यात मिसळत होता आणि गावातली कुत्री अंगाची गुंडाळी करून कालच्या राखेत पडून होती.

केसरबाईनं गंजात चहाचं आधण ठेवलं. उकळी फुटली की गंजाचा आवाज बदलतो, तो ऐकून तिनं साखर टाकली. मग चाचपून कप काढले, कपाच्या आत कडेला बोट लावलं आणि चहा ओतला. बोटाला चटका बसला तशी थांबली. सून रंजीता गोठ्यातलं शेण काढून आत आली तेव्हा चहा तयार होता, थेंबभर सांडलेला नव्हता. रंजीता सासूच्या त्या बोटाकडे पाहत राहिली, मग तिनं कप उचलला.

बाजाराचा दिवस होता. सिंदेवाहीचा नवाबभाऊ त्याचा छोटा टेम्पो घेऊन पाळीवर यायचा आणि बायांच्या बाडीतला भाजीपाला उचलून न्यायचा. उशीर झाला की बाजारातली जागा जाते म्हणून तो थांबत नसे. धुकं पडलं असो की आभाळ, त्याचा हॉर्न वाजायच्या आत वालाच्या शेंगा तोडून, वांगी टोपल्यात भरून, सांबाराच्या जुड्या बांधून ठेवाव्या लागत. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात.

धान कापून झालं की पळसटोल्याच्या बाया बोडीच्या पाळीखाली बाड्या करतात. पाणी पाझरून तिथली जमीन उन्हाळ्यापर्यंत ओली राहते, म्हणून कांदे, मिरची, वांगी, वाल, जे लावावं ते येतं. एका बाजूनं पाळ, दुसऱ्या बाजूनं जंगल. आणि जंगल म्हटलं की वाघ आला. तो काही रोज येत नाही. पण तो आला नाही असं कोणत्याही दिवशी छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

वाघाला उभ्या माणसाचं फारसं काही पडलेलं नसतं, हे या मुलखात पोराटोरालाही ठाऊक आहे. घात होतो तो वाकलेल्या माणसाचा. निंदायला बसलेली, मोह वेचणारी, गवत कापणारी बाई त्याला बाई वाटत नाही. बुटकं, खाली मान घालून चरणारं जनावर वाटतं. म्हणून पळसटोल्यात एक दस्तूर पडला होता. बाया वाकल्या की एकीनं उभं राहायचं. पाळीच्या पायथ्याशी मातीचा एक उंचवटा होता, त्यावर जंगलाकडे तोंड करून, हातात काठी घेऊन. तिनं वाकायचं नाही, बसायचं नाही, खर्रा चघळायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. तिला एकच शब्द बोलायची मुभा, 'उठा'. तो कानावर आला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी सरळ उभं व्हायचं, खांद्याला खांदा लावायचा, जंगलाकडे तोंड ठेवून मागं मागं पाळीवर यायचं. पळायचं नाही. का म्हणून विचारायचं नाही.

त्या उभ्या बाईला प्रत्येक जणी आपल्या बाडीतली ओंजळभर भाजी देई. आणि ती उभी बाई म्हणजे केसरबाई.

आरमोरीकडून ती या गावात नांदायला आली तेव्हा तिच्या उंचीवर गावानं टोमणे मारले होते. घराच्या दारातून आत येताना तिला वाकावं लागतं म्हणून सासूनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. पुढे हीच उंची कामाला आली. पण ती उभी राहायला लागली ते काही उंचीमुळे नाही. ती आणि तिची धाकटी जाऊ सोनीबाई एका सकाळी कांद्याचा वाफा निंदत होत्या. दोघीही वाकलेल्या, दोघींचीही पाठ जंगलाकडे, उभं कोणीच नव्हतं. बिबट कधी आला ते कोणालाच कळलं नाही. केसरबाईनं मान वर केली तेव्हा सोनीबाई वाफ्यात नव्हती, वाफ्याच्या पलीकडे फरपटत चालली होती. केसरबाई टोपली बडवत, गळा फाटेस्तोवर ओरडत मागं धावली आणि त्यानं तिला सोडलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात सोनीबाई पुष्कळ दिवस होती. जगली. मान मात्र एका बाजूला वाकडी होऊन आखडली ती कायमची. मागं पाहायचं तर तिला अख्खं अंग फिरवावं लागे.

सोनीबाई स्वतः या गोष्टीवर हसायची. "मले बिबट्यानं चाखून पाह्यलं," ती सांगायची. "खारट निंगाली म्हून टाकून देल्लं."

केसरबाईला हसू यायचं नाही. त्या दिवसापासून तिनं बाडीत बूड टेकलं नव्हतं. उभी राहिली ती राहिलीच. पावसात, उन्हात, ताप असताना. जंगलाकडे पाठ करून खाली बसायचं नुसतं मनात आलं तरी तिच्या मानेवर गार पाण्याचा थेंब पडल्यासारखं व्हायचं. गावाला वाटे, बाईची हिंमत मोठी. खरं तर उभं राहणं ही तिची हिंमत नव्हती, आडोसा होता.

आणि आता त्या आडोशालाच भोक पडत होतं. मागल्या धानकापणीपासून तिच्या डोळ्यांवर साय धरायला लागली होती. आधी उजव्या, मग डाव्याही. जवळचं अंदाजानं निभायचं. दूरचं म्हणजे नुसते डाग. जंगलाची कड तिला तोंडपाठ होती म्हणून चाललं होतं. उजवीकडे फिकट तांबडा डाग ते वारूळ, त्याच्या अलीकडे काळा डाग ते जळक्या झाडाचं ठुठं, मधे मोठा हिरवा गोळा तो मोह, आणि डावीकडे सोनीबाईचा वालाचा मांडव. डाग जागच्या जागी आहेत तोवर ठीक. एखादा जास्तीचा दिसला की 'उठा'.

कोणाला सांगितलं असतं तर काय झालं असतं? दुसरी कोणी उंचवट्यावर उभी राहिली असती, आणि केसरबाईला वाकावं लागलं असतं. म्हणून ती गप्प होती.

आठवड्यापूर्वी एक जास्तीचा डाग दिसला होता. ती ओरडली. बाया ताडकन उठल्या, आणि नीलिमा, शेजारच्या घरची सून, हातातला विळा न टाकताच उठली. घाईत पातं तिच्याच डाव्या तळहातातून गेलं. रक्त कांद्याच्या पातीवर उडालं. तेवढ्यात रायमुनीच्या झुडपातून डाग बाहेर आला. गुराखी पोचूचं तांबडं वासरू होतं ते. नीलिमाच्या हाताला टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर केसरबाईच्या अंगणावरून जाताना तिनं तोंड दुसरीकडे केलं.

सोनीबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं की बाई, तुह्या गावचा वाघ हंबरते काय? मग पदरानं तोंड पुसून जरा गंभीरपणे म्हणाली, "आता उठा म्हणायच्या आंधी दोनदा पाह्यजो वं. वाघ एखांद्या दिवशी येईन. विळा तं रोजच हातात राह्यते."

बोलणं खोटं नव्हतं. तेच केसरबाईला खुपत होतं.

बाजाराच्या त्या सकाळी चौघी पाळीवर जमल्या तेव्हा खालचं काही दिसत नव्हतं. धुकं वर चढल्याशिवाय बाडीत उतरायचं नाही, हा केसरबाईचाच नियम. रंजीतानं थांबू या म्हटलं. नीलिमा बांधलेला हात पोटाशी धरून उभी होती. तिला एका हातानं वांगी तोडायची होती, म्हणून लवकर उतरायला हवं होतं. सोनीबाई म्हणाली, नवाब काही आपला जावई नाही थांबायला. मग तिघींनी केसरबाईकडे पाहिलं.

केसरबाईनं समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या मनात एक विचार आला, जो तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. धुक्यात सगळ्यांचेच डोळे माझ्यासारखे. आज कोणी मला पारखणार नाही.

"उतरा," ती म्हणाली.

तिघी खाली गेल्या. रंजीता सांबाराच्या वाफ्याकडे, पाळीपासून जवळ. नीलिमा मधे, वांग्यांत. सोनीबाई पार डावीकडे तिच्या मांडवाशी. वेलात हात घालायच्या आधी काठीनं जमिनीवर ठोकायचं, परड, विषारी साप, असली तर सरकून जाते. तो ठक ठक आवाज तिन्ही बाजूंनी आला आणि थांबला. म्हणजे तिघीही आता वाकल्या होत्या. दहिवराचे थेंब वालाच्या पानांवरून टपटपत होते.

प्रत्येकीनं आपल्या बाडीमागची झुडपं बांबूभर अंतरापर्यंत तोडून ठेवायची, असाही एक नियम होता. सोनीबाईनं यंदा तोडली नव्हती. रायमुनीला काटे असतात, डुकरं अडतात, असं तिचं म्हणणं. मान दुखते म्हणून कोयता चालत नाही, हे ती सांगत नव्हती. झुडपं वाढत वाढत मांडवाच्या मागच्या काठ्यांना येऊन भिडली होती. उंचवट्यावरून ते कोणालाही दिसलं असतं. केसरबाईला मांडव आणि रायमुनी मिळून एकच हिरवा डाग दिसत होता.

ती उभी राहिली. धुकं हळूहळू फाटायला लागलं. वारूळ आलं. ठुठं आलं. मोहाचा गोळा आला.

मोहावर एक वांदर खोकलं.

एकदाच. कोरडा, घशातला खोकला. केसरबाईनं काठी घट्ट धरली. वाघ दिसला की वांदरं खोकत राहतात, पण एकदाच खोकलं तर त्याचं काही नाही. पोरं दगड मारतात, कुत्रं दिसतं. ती ऐकत राहिली. खालून शेंगा तुटायचा आवाज येत होता, टच, टच. सोनीबाई नीलिमाला ऐकवत होती की एका हातानं तू दोन हातांएवढं तोडून राह्यली, मंग दुसरा हात घरीच ठेवत जा. नीलिमा बऱ्याच दिवसांनी हसली.

वांदर पुन्हा खोकलं. मग दुसरं. मग थांबलंच नाही. फांद्या हलल्या. पाळीवर किलबिलणाऱ्या साळुंक्या गप्प झाल्या.

काहीतरी होतं. पण कुठे? वांदराचा आवाज पाळीवर आपटून दोन्हीकडून परत येत होता. केसरबाईनं डोळे बारीक केले, मोठे केले, पदरानं पुसले. जळकं ठुठं आज जाड दिसत होतं. ते तसंच होतं की त्याच्यामागं काही होतं? तिनं काठी उचलून तिकडे रोखली. आता नुसता शब्द बाकी होता, आणि तोच तिच्या तोंडून निघेना.

आता ओरडले आणि पुन्हा वासरू निघालं तर? नीलिमाचा दुसरा हातही... तिनं त्यांना सांगितलं होतं की विळा मातीत खोचून मग उठायचं. पण घाबरलेल्या माणसाच्या हाताला सांगितलेलं आठवत नाही. आणि ओरडले नाही तर? एक वाट होती. रंजीताला हाक मारून विचारायचं, पोरी, त्या ठुठ्यामागं काय आहे ते पाह्य जरा. एवढं विचारलं की सगळं उघडं पडणार होतं. उभ्या बाईनं विचारायचं नसतं. तिनं सांगायचं असतं.

वांदरं आता झाड सोडून पलीकडे उड्या टाकत होती.

"उठा," केसरबाई म्हणाली.

आवाज नेहमीसारखा निघाला नाही. अर्धाच बाहेर आला. खाली शेंगा तुटायचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. सोनीबाईनं मानही वर केली नाही. "पोचूचं वासरू असन," ती वेलातूनच म्हणाली. "त्याले म्हण, आज बाजार हाय, उद्या ये."

नीलिमानं आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि बसून राहिली.

एकटी रंजीता उठली. विळा मातीत खोचून, सरळ, जसं शिकवलं होतं तसं. सासूच्या काठीच्या टोकाकडे तिनं पाहिलं. ठुठं होतं, नुसतं ठुठं, त्याच्यावर दहिवर चमकत होतं. ती सांगायला वळली की आई, तिथी काई नाई. वळताना तिची नजर मांडवावरून गेली आणि तिथेच अडकली.

तिला वाघ दिसला नाही. शेपटीचं टोक दिसलं. मांडवाच्या मागं, रायमुनीच्या बुडाशी, कोणी दोरी धरून हळूच उचलावी तसं ते वर व्हायचं आणि खाली पडायचं. मग नजर बसली तसा पट्ट्यापट्ट्यांचा बाकीचं अंगही दिसायला लागलं. तो पोटावर होता. आणि त्याच्या तोंडासमोर, दोन वाफे सोडून, सोनीबाईची वाकलेली पाठ.

केसरबाईला रंजीता नीट दिसत नव्हती, पण तिचा श्वास अडकलेला ऐकू आला. एवढ्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. विचारलं.

"कुठी?"

"सोनीकाकूच्या मागं," रंजीता म्हणाली. एवढंच.

केसरबाई उंचवट्यावरून उतरली. धावली नाही. काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उभी धरून, जेवढी उंच होती त्याहून उंच होऊन, वाफ्यांमधल्या वाटेनं डावीकडे चालू लागली. समोरचं तिला दिसत नव्हतं. सोनीबाईचं लाल लुगडं तेवढं, खाली मातीशी, हा एकच डाग तिला ओळखता येत होता. त्याच्यामागं जे काही होतं ते तिच्यासाठी नुसतं हिरवं होतं. त्या हिरव्याकडे तोंड करून ती चालत राहिली. आणि बोलत राहिली. मोठ्यानं, पण घरात भांडी घासताना बोलावं तसं.

"सोने, वासरू नाई. विळा टाक. उठ. घाई करू नोको. नीलिमा, तू पण उठ व माय. हात वर ठेव."

सोनीबाईला शब्दांपेक्षा तो सूर कळला. तिच्या अंगावरच्या जुन्या व्रणांना तो ओळखीचा होता. ती विळा टाकून उठली. मागं वळून पाहायची तिला सोय नव्हती. मान वळत नव्हती आणि अंग वळवायची छाती होत नव्हती. ती तशीच समोर पाहत उभी राहिली आणि तिला केसरबाईचा चेहरा दिसला. केसरबाई तिच्याकडे पाहत नव्हती. तिच्या डोक्यावरून, कुठेतरी भलतीकडे, रिकाम्या जागेकडे पाहत होती.

मागं काहीतरी गुरगुरलं. आवाज कानाला नाही, पायाला लागला. ओल्या मातीतून वर आला.

चौघी जवळ आल्या. खांद्याला खांदा लागला. केसरबाईनं सोनीबाईला दंडाला धरून आपल्या शेजारी वळवून घेतलं, तेव्हा कुठे सोनीबाईनं त्याला पाहिलं. तो उठून उभा होता. मांडवाची एक काठी त्याच्या अंगाला लागून वाकली होती आणि वालाच्या शेंगा त्याच्या पाठीवर लोंबत होत्या. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं.

"मागं," केसरबाई म्हणाली.

त्या मागं सरू लागल्या. एक वाफा, मग दुसरा. कांद्याच्या सरीत केसरबाईचा पाय गेला. तिला सरी दिसली नव्हती. तिचा तोल गेला, काठी खाली आली, गुडघा वाकला. आणि तेवढ्यात समोर वाघानं झेपेसाठी मान खाली घातली. सोनीबाईनं तिच्या काखेत हात घालून तिला ओढून उभं केलं. एवढी उंच बाई, पण टोपली उचलावी तशी उचलली. टाचांना पाळीचा चढ लागला.

त्याच वेळी पाळीवर टेम्पो आला. नवाबभाऊ बायांना हाक मारायला काचेतून डोकावला, आणि त्याला खाली चार बाया उलट्या पावली चढ चढताना दिसल्या. इतकी वर्षं या वाटेवर येणारा माणूस, त्याला पुढचं विचारावं लागलं नाही. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. बोडीवरची बदकं उडाली. वाघ त्या आवाजाकडे बघत राहिला, मग फारशी घाई न करता वळला, आणि रायमुनी त्याच्यामागं हलून स्थिर झाली.

हॉर्न थांबला. नीलिमा टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसली. नवाबभाऊनं वनखात्याच्या बीटगार्डला फोन लावला, पाण्याची बाटली पुढे केली आणि आज भाजी राहू द्या असं बजावलं. सोनीबाईनं पाणी प्यायलं नाही. ती केसरबाईसमोर जाऊन उभी राहिली, अख्खं अंग फिरवून.

"तुही काठी ठुठ्याकडं होती," ती म्हणाली. "तू माह्याकडं आली तवाही तू त्याच्याकडं पाहून राह्यली नोव्हती. काऊन?"

केसरबाईनं काठी जमिनीला टेकली. रंजीता मधे पडायला निघाली, तिनं तिला हातानंच थांबवलं.

"मले दिसत नाई, सोने. धानकापणीपासून."

नीलिमानं आपला बांधलेला हात मांडीवर उलटा केला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. सोनीबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बिबट्यानं चाखलं तवाही तूच होती संगं," ती हळू आवाजात म्हणाली. "आज यानं खाल्लं असतं, तरी तूच होती." आणि ती टोपली तिथेच टाकून घराकडे निघून गेली.

बीटगार्ड आला, मांडवाशी ओल्या मातीत उमटलेला पंजा त्यानं पाहिला, झाडांना कॅमेरे बांधले आणि काही दिवस कोणी खाली उतरू नका म्हणून सांगून गेला. वांगी झाडावरच निबर झाली. केसरबाईच्या घरी तिचा मुलगा प्रफुल आईवर चिडला, मग स्वतःवर चिडला. सासूचं ते बोट आपण रोज पाहत होतो, हे रंजीतानं त्याला सांगितलं नाही. नवाबभाऊ पुढच्या फेरीला आला तेव्हा त्यानं दारात बसून सांगितलं की त्याच्या बायकोचं, खुर्शीदाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता ती सुईत दोरा ओवते, तेव्हा केसरमौसीनं उगाच भिऊ नये. संक्रांतीनंतर ऑपरेशनला जायचं ठरलं.

सोनीबाई मात्र आली नाही. दोन घरांमधलं कुंपण एवढंसं, पण ती आपल्या अंगणातून पाठमोरीच फिरायची. मग एका सकाळी तिच्या मांडवाकडून कोयत्याचा आवाज येतोय असं रंजीतानं सांगितलं. दोघी पाळीवर गेल्या; रंजीतानं पाहिलं तर सोनीबाई आखडल्या मानेनं रायमुनी तोडत होती, नीलिमा एका हातानं कापलेली झुडपं ओढून बाजूला करत होती, आणि दोघींच्या मागं पोचू काठी घेऊन उभा होता. रंजीता कोयता घेऊन खाली गेली. केसरबाई पाळीवरच राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. दुपारपर्यंत मांडवामागं बांबूभराहून जास्त जागा मोकळी झाली.

बीटगार्डनं जायला हरकत नाही म्हटलं, त्या दिवशीही धुकं होतं. बाया पाळीवर थांबल्या. नवाबभाऊचा टेम्पो येऊन उभा राहिला, त्यानं घाई केली नाही. ऊन पानांवर आलं, बोडीचा पलीकडचा काठ दिसायला लागला, तेव्हा सोनीबाई म्हणाली की आता उतरू. मग तिनं केसरबाईच्या हातातली काठी घेतली. क्षणभर ती स्वतःच उंचवट्यावर चढते की काय असं वाटलं; पण आपली मान चाचपून तिनं ती रंजीताच्या हातात दिली.

"तू उभी राह्य. हिले दिसत नाई, मले वळता येत नाई. आमी दोघी मिळून एक बाई होतो." मग केसरबाईकडे न पाहता, "चाल. कांद्यात गवत माजलं."

केसरबाई खाली उतरली. वाफ्याशी आली आणि उभीच राहिली. जंगल आता तिच्या पाठीशी होतं. मानेवर तो गार थेंब पडला. गुडघे वाकेनात. शेजारी सोनीबाई केव्हाच बसली होती आणि तिच्या विळ्याचा आवाज येत होता. उंचवट्यावर रंजीता खोकली; उगाच, आपण आहोत हे कळावं म्हणून. उभ्या बाईनं खोकायचं नसतं, असं केसरबाईच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

तिनं एक हात मातीवर टेकला, मग दुसरा, आणि बसली.

बसल्यावर काही वेळ तिला मागचंच ऐकू येत होतं. पान पडलं तरी अंग ताठ व्हायचं. रंजीताकडून शब्द येत नव्हता. मोहावर वांदरं भांडत होती, पण ती नेहमीची भांडणं होती. तिनं बोटं वाफ्यात घातली. डोळ्यांचा इथे काही उपयोग नव्हता आणि गरजही नव्हती. कांद्याची पात गोल, पोकळ, थंड. गवत चपटं आणि कडेला खरखरीत. बोटांनी ते आपोआप वेगळं केलं. पहिलं गवत मुळासकट निघालं.

सोनीबाईनं थोड्या वेळानं विचारलं की तुह्या बाडीतल्या सांबाराचं बी संपलं तं नाई, माह्याकडं हाय. केसरबाईनं आहे म्हणून सांगितलं, मग जरा थांबून म्हणाली, थोडं दे. आणि ती पुढच्या सरीकडे सरकली. उपटलेल्या गवताच्या मुळांची माती झटकली, गवत मागं टाकलं, आणि पुन्हा बोटं ओल्या मातीत घातली.